थोडं गढूळ, बरंच गढूळ

“सही इथे, मॅडम. आणि मागच्या पानावर छोटी सही,” असं म्हणत समितीच्या सचिवाने अहवालाचं शेवटचं पान बाईंसमोर सरकवलं आणि त्यावर स्वतःचं पेन टोपण काढून ठेवलं. टोपण काढलेलं पेन पुढ्यात आलं की माणसाला उगाचच घाई होते. शाई वाळायच्या आत काहीतरी करायला हवं असं वाटतं, आणि तेवढ्यात भले भले लोक नको तिथे सह्या करून मोकळे होतात.

बाईंनी पेनाला हात लावला नाही. त्या अहवाल शेवटाकडून सुरुवातीकडे चाळायला लागल्या. विद्यार्थ्यांचे प्रबंधही त्या असेच वाचायच्या. माणूस पुढे नटूनथटून उभा राहतो, खरं काय ते मागच्या परिशिष्टात असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

टेबलाभोवती त्यांच्याशिवाय समितीची तीन माणसं होती. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, शेजारी पालिकेच्या पाणीखात्याचे मुख्य अभियंता आणि समोर आरोग्य खात्याच्या एक डॉक्टरीणबाई. भिंतीला खुर्ची लावून आणखी एक माणूस बसला होता, तो समितीवर नव्हता. विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्राचा तो संचालक. बाईंचाच जुना विद्यार्थी. त्या काळी कुणी वेळ विचारली तरी तो तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देईल म्हणून वर्गाने त्याचं नाव दशांश पाडलं होतं. आता तो सूट घालायचा. पूर्वी सगळ्या विभागासारखा तोही ‘बाई’च म्हणायचा. संचालक झाल्यावर ‘मॅडम’ म्हणायला लागला.

प्रकरण साधं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी शहराच्या पूर्व भागात लागोपाठ चार दिवस नळाला पिवळट पाणी आलं. तीनशे दहा माणसं दवाखान्यात गेली आणि त्यातली दोन म्हातारी माणसं घरी परत आली नाहीत. लोक चिडले, पालिकेवर मोर्चा गेला, मग चौकशी समिती नेमली गेली. समितीच्या अहवालाचं सार एका वाक्यात होतं: जलशुद्धीकरण केंद्रातील चालक क्रमांक तीन याने स्वयंचलित यंत्रणेत अकरा वेळा अनधिकृत हस्तक्षेप केल्यामुळे यंत्रणेचा समतोल बिघडला, सबब त्यास सेवेतून काढून टाकावे.

चालक क्रमांक तीन म्हणजे भाऊ. आणि ती यंत्रणा मुळात ज्याच्या डोक्यातून आणि डोळ्यांतून उतरवून घेतली होती, तो माणूसही भाऊच. हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, बाईंना आणि दशांशला. दशांश आपल्या मोबाइलमध्ये बघत होता.

बावीस वर्षांपूर्वी बाई साध्या अधिव्याख्याता होत्या आणि त्यांचा विषय होता फझी लॉजिक. विभागातले लोक त्याला अंदाजपंचे शास्त्र म्हणायचे. घरी नवऱ्याला तर आयतीच गंमत सापडली होती. जेवायला वाढू का, असं बाईंनी विचारलं की तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, “भूक शून्य पूर्णांक सहा आहे, त्या मानाने वाढ.” बाई हसायच्या आणि कामाला लागायच्या. त्यांना एवढंच सिद्ध करायचं होतं की अनुभवी माणूस ‘जरासं’, ‘बऱ्यापैकी’, ‘फारच’ असे जे शब्द वापरतो, ते अघळपघळ नसतात. त्यात हिशेब असतो, फक्त तो आकड्यांत मांडलेला नसतो. तो मांडता आला तर यंत्रालाही शिकवता येईल.

असा माणूस शोधत त्या जलशुद्धीकरण केंद्रावर पोचल्या. नदीचं पाणी आलं की त्यात तुरटी किती सोडायची हे तिथे ठरायचं. तुरटी बरोबर पडली तर गाळाचे कापसासारखे पुंजके होतात आणि खाली बसतात. कमी पडली तर गाळ तसाच वाळूच्या थरातून पुढे जातो आणि त्याच्या आडोशाने रोगही जातात. मीटर होते, पण भाऊ मीटर बघायच्या आधी काचेच्या जारमध्ये पाणी घेऊन खिडकीशी धरायचे.

“थोडं गढूळ,” भाऊ म्हणाले होते.

“थोडं म्हणजे किती?” बाईंनी वही उघडून विचारलं होतं.

“थोडं म्हणजे बरंच नाही, एवढं.”

बाईंना आधी हसू आलं. मग त्या चौदा महिने तिथे जात राहिल्या. पंपांच्या आवाजात, ओल्या जमिनीवर स्टूल टाकून बसायच्या. भाऊ दर पंधरा-वीस मिनिटांनी जार धरायचे, शब्द सांगायचे, तुरटीची मात्रा सांगायचे आणि बाई लिहून घ्यायच्या. कित्येकदा भाऊ जार धरून नुसतेच उभे राहायचे. मग म्हणायचे, “हे ना थोडं आहे, ना बरंच. थोड्याकडून निघालंय आणि बऱ्याचच्या वाटेला लागलंय. ताई, अगदी चिखल असला ना, की कुणीही घाबरून तुरटी ओततं. फसवतं ते हे असलं पाणी.” अशा प्रत्येक नोंदीला बाईंनी दोन नावं दिली, त्यातल्या प्रत्येकाचा वाटा लिहिला, आणि त्या दोहोंच्या मधून मात्रा काढायचे नियम बसवले. जवळजवळ तिसरा हिस्सा नोंदी अशाच होत्या. बाईंचं सगळं संशोधन त्या तिसऱ्या हिश्शात होतं. त्यावरून बनवलेली छोटी यंत्रणा केंद्रात वीस वर्षं बिनतक्रार चालली. भाऊ तिच्यावर नजर ठेवायचे, ती भाऊंना आकडे दाखवायची, दोघांचं बरं जमलं होतं.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेचे दिवस आले. विद्यापीठात काचेची इमारत उभी राहिली, दशांश तिचा संचालक झाला, आणि पालिकेने केंद्रावर नवी यंत्रणा बसवायची ठरवली. ती आपली आपण शिकणार होती. शिकायला जुन्या नोंदी हव्यात म्हणून दशांश एक दिवस बाईंच्या घरी आला. बाईंनी आनंदाने सगळ्या दिल्या. निवृत्तीनंतर आपल्या कामाला कुणीतरी विचारतंय याचंच त्यांना अप्रूप वाटलं होतं.

आता अहवाल उलटा चाळताना त्या परिशिष्ट चारवर थांबल्या. त्यात नव्या यंत्रणेची माहिती होती. शिकवण्यासाठी वापरलेल्या नोंदी: सहा हजार दोनशे अकरा.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचलं. त्यांनी दिलेल्या नोंदी नऊ हजार चारशे होत्या. हा आकडा झोपेतून उठवलं तरी त्यांनी सांगितला असता.

“मला दहा मिनिटं हवीत,” त्या अध्यक्षांना म्हणाल्या आणि दशांशकडे बघून दाराकडे गेल्या. जुनी सवय अशी की दशांश मुकाट उठून मागे आला.

बाहेरच्या बोळात फायलींची कपाटं होती आणि एक पाणी थंड करायचं मशीन घरघरत होतं. बाईंनी आकड्यावर बोट ठेवून विचारलं, बाकीच्या गेल्या कुठे.

“साफसफाई केली, मॅडम. बऱ्याच नोंदी सदोष होत्या.”

“सदोष म्हणजे?”

“एकेका नोंदीला दोन-दोन नावं होती. थोडं पण आणि बरंच पण. मॉडेलला शिकवायचं तर एका नोंदीला एकच नाव लागतं. माझ्या टीमला वाटलं, लिहिताना गोंधळ झालाय. काढून टाकल्या. उरलेला डेटा अगदी स्वच्छ होता.”

 चार वर्षं हा माणूस बाईंच्या हाताखाली होता. तोंडी परीक्षेत यानेच फळ्यावर दोन त्रिकोण काढले होते, एक ‘थोडं’चा आणि एक ‘बरंच’चा, एकमेकांत शिरलेले, आणि ते जिथे एकमेकांत शिरतात तिथे खडू आपटून बाहेरच्या परीक्षकांना सांगितलं होतं की सगळं ज्ञान इथे आहे. बाईंना तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. तेच काढून टाकलं होतं त्याने, केर म्हणून. आणि स्वतः बघायलाही गेला नव्हता.

“त्या दिवशी पाणी कसं होतं?” बाईंनी विचारलं. “मीटरचा आकडा सांग.”

दशांशने मोबाइलमध्ये बघून आकडा सांगितला. थोडं आणि बरंच यांच्या बरोबर मधला.

“आणि तुझ्या यंत्राने काय सांगितलं?”

“थोडं गढूळ. सत्त्याण्णव टक्के खात्रीने.”

“खात्री असायचीच. मधलं पाणी त्याने जन्मात बघितलेलं नाही. तू बघू दिलं नाहीस.”

दशांश हुशार होता, त्याला जास्त सांगायची गरज नव्हती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो कपाटाला टेकला. ते पाहून बाईंना वाटलं, आता हा म्हणेल, चला आत, सांगून टाकू. एवढा विश्वास त्यांनी त्याच्यावर अजून ठेवला होता, आणि पुढे कित्येक दिवस त्यांना स्वतःचाच राग येत राहिला तो या भाबडेपणासाठी.

दशांशने टाय सैल केला, मग पुन्हा नीट केला. बोळाच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. मग तो हळू आवाजात बोलायला लागला. आणखी नऊ शहरांशी बोलणी झाली आहेत, केंद्रात साठ मुलं काम करतात, हे बाहेर गेलं तर सगळं बसेल. पुढच्या आवृत्तीत तो स्वतः लक्ष घालून दुरुस्ती करेल. नव्या प्रयोगशाळेला बाईंचं नाव द्यायचा ठराव त्याने आधीच मांडलाय, आजचा नव्हे, महिन्यापूर्वीचा. बाई ऐकत होत्या. त्यांचं लक्ष नाव देण्याच्या गोष्टीकडे क्षणभर गेलं हेही खरं आहे, आणि त्यांनी ते नंतर नवऱ्याजवळ कबूल केलं.

“आणि मॅडम,” दशांश म्हणाला, “भाऊंचीही काही प्रमाणात चूक आहेच ना. परवानगी नसताना अकरा वेळा हात घातला. तुम्हीच आम्हाला शिकवलंत, जगात सगळं काळं-पांढरं नसतं. खऱ्याखोट्यालाही मात्रा असते. समजा, साठ टक्के आमचं चुकलं, चाळीस टक्के त्यांचं.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती बाईंच्या खरंच गेली. आयुष्य घालून एक शास्त्र उभं करावं, वर्गावर्गातून घसा फोडून शिकवावं, आणि शेवटी आपल्याच शिष्याने त्याचा उपयोग चोरीवर पांघरूण घालायला करावा.

“अहवालात कुणाची किती टक्के लिहिलीय?” त्यांनी विचारलं.

दशांश पुन्हा टायशी चाळा करायला लागला.

“शंभर टक्के भाऊंची लिहिलीय. तुझी शून्य. दोन टोकं. तिथे बरं तुला मधलं काही दिसलं नाही.”

“मॅडम, हळू बोला.”

“मी तुला धूसर गोष्ट नीट मोजायला शिकवलं होतं. नीट दिसणारी गोष्ट धूसर करायला नाही.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. दशांश मागोमाग येऊन भिंतीजवळच्या खुर्चीवर बसला.

आत त्यांनी सगळं सांगितलं. नोंदी कशा गाळल्या, यंत्र कोणतं पाणी शिकलंच नाही, सगळं. मग परिशिष्ट सात उघडून भाऊंचे अकरा हस्तक्षेप एकामागून एक वाचून दाखवले. दर वेळी भाऊंनी तुरटी वाढवली होती. दर वेळी दोनेक तासांनी टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा खाली आला होता. दर वेळी यंत्रणेने ताबा परत घेऊन तुरटी कमी केली होती, आणि भाऊंनी ती पुन्हा वाढवली होती. तीन दिवस आणि दोन रात्री हा माणूस एकटा यंत्राशी झगडत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता त्याचा पासवर्ड बंद करण्यात आला. चौथ्या दिवशी दवाखाने भरले.

“पासवर्ड बंद करायच्या पत्रावर सही कुणाची आहे?” बाईंनी विचारलं.

सही मुख्य अभियंत्यांची होती. ते छताकडे बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “म्हणजे त्यांनी हात घातला की पाणी सुधारत होतं?”

“प्रत्येक वेळी.”

डॉक्टरीणबाई पेन बोटांत फिरवत बसल्या. बाईंना आशा वाटली. पण तोवर मुख्य अभियंत्यांनी घसा साफ केला. त्यांचं म्हणणं असं की आकड्यांचा कीस काढायला विद्वान लोक आहेत, ते साधा माणूस आहेत आणि त्यांना साधी गोष्ट दिसते. चालकाला निलंबित करून सात आठवडे झाले. तीच यंत्रणा आहे, तीच नदी आहे. मधे दोनदा वरून गाळाचा लोंढा आला. या सात आठवड्यांत एका घरातून तक्रार नाही, एकदाही मात्रा चुकलेली नाही. चालक गेला आणि यंत्रणा सुतासारखी सरळ चालली. यापेक्षा आणखी पुरावा कोणता हवा.

 बाईंना माहीत होतं की असं होऊच शकत नाही. मधलं पाणी आलं की ते यंत्र चुकणारच. पण समोर सात आठवड्यांच्या नोंदी पडल्या होत्या आणि त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले. दशांशही मान पुढे करून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर बाईंइतकंच आश्चर्य होतं.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. ते सभ्य गृहस्थ होते, आवाज कधी चढवायचे नाहीत. बाईंचा अभ्यास वादातीत आहे, असं ते म्हणाले. मतभेदाची स्वतंत्र टिपणी जरूर द्यावी, ती परिशिष्ट बारा म्हणून लावली जाईल. परिशिष्टं प्रसिद्ध होत नाहीत, असं सचिवाने हळूच सांगितलं. मग टोपण काढलेलं ते पेन टेबलाभोवती फिरलं. अध्यक्षांनी सही केली, मुख्य अभियंत्यांनी केली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात शेवटी केली, बाईंकडे न बघता, आणि मग पर्स उचलून त्या सरळ निघून गेल्या.

बाई तिथेच बसून टिपणी लिहायला लागल्या. सहा पानं हाताने लिहिली. पहिल्या पानावर त्यांनी भाऊंचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं. सचिव खांद्यावरून वाकून म्हणाला, “मॅडम, नाव नाही लिहायचं. चालक क्रमांक तीन लिहा.” बाईंनी ऐकलं नाही. बावीस वर्षांपूर्वीच्या निबंधात त्यांनी ‘एका अनुभवी चालकाच्या माहितीवरून’ एवढंच छापलं होतं. भाऊंनी तेव्हा विचारलंही होतं, माझं नाव येईल का त्यात, पोरांना दाखवता आलं असतं. शास्त्रीय निबंधात तशी पद्धत नसते, असं बाईंनी सांगितलं होतं. पद्धत नव्हती हे खरं, पण त्यांनी विचारूनही पाहिलं नव्हतं कुणाला. त्या निबंधावर त्या प्राध्यापक झाल्या. आता लिहिताना त्यांना त्याची लाज वाटत होती आणि पेन कागदात रुतत होतं.

टिपणीची पोच घेऊन त्या बाहेर पडल्या तेव्हा पाच वाजले होते. त्या घरी गेल्या नाहीत. ही बातमी भाऊंना टपालाने कळावी हे त्यांना पटेना.

भाऊंचं घर केंद्राच्या मागच्या चाळवजा वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एक लांबट गॅलरी. भाऊंनी दार उघडलं आणि बाईंचा चेहरा बघून काय ते ओळखलं.

“या ताई. बसा आधी. काढलं ना मला?”

“तीन विरुद्ध एक,” बाई म्हणाल्या.  नोंदी, त्रिकोण, परिशिष्ट बारा, सगळं त्यांनी सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या की माझ्यामुळे झालं, मी ते आकडे त्याच्या हातात द्यायला नको होते. भाऊ ऐकून घेत होते. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. एकतीस वर्षं नोकरी केली, एक दिवस खाडा नाही, आणि शेवटी रोगराई पसरवली म्हणून काढलं, असं त्या म्हणाल्या. खालच्या मजल्यावरची शेजारीण अजून त्यांच्याशी बोलत नाही. त्या पाण्याने दगावलेल्या दोघांतले एक तिचे सासरे होते.  भाऊ खुर्चीच्या हातावरचा सुटलेला वेताचा धागा गुंडाळत राहिले.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव पाहिलं आणि काहीसं चोरट्यासारखं बाईंकडे पाहिलं. फोन घ्यावा की नाही अशा विचारात ते दोन-तीन रिंगा थांबले. मग घेतला. व्हिडिओ कॉल होता. पलीकडून पंपाचा आवाज आणि पडद्यावर काचेचा जार धरलेला एक हात.

“भाऊ, बघता का? सहाचं पाणी आहे,” पलीकडचा माणूस म्हणाला. तो केंद्रावरचा भाऊंचा जुना जोडीदार होता, अठरा वर्षं दोघांनी एकत्र पाळ्या केल्या होत्या.

“उजेडात धर. तिकडे नको, खिडकीकडे. हलवू नकोस आता.” भाऊंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “मीटर किती म्हणतो?”

“अठ्ठावीस.”

“बऱ्याचकडे झुकलंय. अठ्ठावीस ठेवलंस तर ते मशीन त्याला ‘थोडं’ समजेल. मीटर धुवायला काढलंय असं दाखव आणि मीटरचा आकडा म्हणून हाताने चाळीस टाक. दोन तासांनी पुन्हा कर फोन.”

“चाळीस टाकतो,” पलीकडचा म्हणाला आणि फोन बंद झाला.

 बाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं समजलं.

“हे रोज चालतं?” त्यांनी विचारलं.

“सकाळी सहापासून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. तीनही पाळ्यांचे लोक करतात,” भाऊ म्हणाले. “काय करणार, हाताने मात्रा बदलायची सोय काढून घेतली ना साहेबांनी. मग मशीनला खोटा आकडा द्यायचा, म्हणजे ते खरी मात्रा देतं.”

सात आठवडे. एक तक्रार नाही, एक चूक नाही. ज्या माणसाला घालवल्यावर यंत्र सुधारलं म्हणून त्याला कायमचं घालवत होते, तोच माणूस घरात बसून रोज ते यंत्र चालवत होता. आणि त्याची नोंद कुठेही नव्हती. नोंद होती ती यंत्राच्या अचूकपणाची, आणि तीच नोंद भाऊंच्या मुळावर उठली होती. बाई उठून उभ्या राहिल्या. इतका संताप त्यांना बोळातही आला नव्हता. त्यांनी पर्समधून वही काढली, पेन काढलं, घड्याळ बघितलं. अहवाल उद्या दुपारी पालिकेत जाणार होता. अजून वेळ होता.

“भाऊ, मी हे लिहून घेते. आजची तारीख, वेळ, अठ्ठावीसचे चाळीस. तुमच्या मोबाइलमध्ये सात आठवड्यांचे सगळे कॉल असतील. उद्या सकाळी मी अध्यक्षांच्या घरी जाते. आता त्यांना काही म्हणता येणार नाही. तुमची नोकरी परत मिळेल. नाव परत मिळेल.”

वहिनी दारातून पुढे आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते बाईंना दिसलं आणि त्या घाईने लिहायला लागल्या.

“ताई, नका लिहू,” भाऊ म्हणाले.

“का?”

“खोटा आकडा टाकल्याबद्दल त्याला आज रात्रीच काढतील. तिघांनाही काढतील.”

“आपण सांगू ना, का टाकला ते.”

“मी पण सांगितलं होतं. अकरा वेळा कागदावर सांगितलं, तुरटी का वाढवली ते. तुम्ही पण आज सांगितलंत.” भाऊंचा आवाज चढला नाही. “तुमची समिती बसेल, बघेल, तीन महिने जातील. तोवर ते तिघं घरी. मग मला फोन कोण करणार?”

 वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. मग त्या आत निघून गेल्या. आत भांडी जोरजोरात वाजली, मग थांबली.

बाईंनी तारीख आणि वेळ लिहिली होती. पुढचं लिहिलं नाही. वही मिटून पर्समध्ये ठेवताना ती नीट जाईना, दोनदा अडकली. भाऊ उठले. त्यांनी मोबाइलवरची बॅटरी बघितली, गॅलरीच्या दाराजवळ वायर होती तिला मोबाइल लावला, आणि तो पूर्ण आवाजावर आहे ना ते दोनदा तपासलं. आठ वाजता पुन्हा फोन येणार होता.